शेवेचा भाव शिकागोत का ठरतो?

प्रश्न : आम्ही इंदूरच्या विजय नगरात, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत स्कीम नंबर ५४ मध्ये, गेली ३५ वर्षे राहतो. दिवाळीच्या तोंडावर तेलाचा १५ किलोंचा डबा आणायला गेले आणि भाव ऐकून किराणावाल्याशी हुज्जत घातली. तो म्हणतो, "माताजी, मैं क्या करूँ, शिकागो तेज है." अहो, पावसाळ्यात माळव्यात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन. तेल काढणारे प्लांट इथलेच. मग माझ्या शेवेच्या तेलाचा भाव शिकागोत कसा ठरतो? बरे, त्याच आठवड्यात देवासकडच्या आमच्या नातेवाइकांना मंडीत सोयाबीनला हमीभावही मिळाला नाही. तेल महाग आणि सोयाबीन स्वस्त, हे कसे?

उत्तर : किराणावाला खोटे बोलला नाही, पण त्याने अर्धेच सांगितले. उरलेले अर्धे कळायला सोयाबीनचा दाणा फोडून पाहावा लागतो.

तिळात किंवा शेंगदाण्यात तेल ४० ते ५० टक्के असते. सोयाबीनमध्ये जेमतेम १८ ते २०. क्विंटलभर सोयाबीन प्लांटमध्ये गेले की १८ किलोंच्या आसपास तेल निघते आणि ८० किलोंच्या आसपास पेंड उरते. इंदूरच्या बाजारात तिला ‘डीओसी’ म्हणतात आणि ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तेव्हा सरकारदरबारी सोयाबीन तेलबियांत मोडत असले तरी व्यवहारात ते कोंबडीचे खाणे आहे, तेल त्यातून जाता जाता निघते. शेतकऱ्याच्या हातात काय पडणार हे बरेचसे डीओसीवर ठरते आणि तुमचा डबा केवढ्याला पडणार हे तेलावर. वस्तू दोन, गिऱ्हाइके दोन. एकीचा भाव चढत असताना दुसरीचा उतरू शकतो.

डीओसी का उतरली, याचे एक कारण तुमच्या गाडीच्या टाकीत आहे. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल आता मका आणि तांदळापासूनही करतात. ते काढल्यावर जो चोथा राहतो, व्यापारी त्याला ‘डीडीजीएस’ म्हणतात, तोही कोंबडीला चालतो आणि डीओसीपेक्षा स्वस्त पडतो. कोंबडीपालनवाल्यांनी अर्थातच तो घेतला. डीओसी परदेशात विकावी, तर समोर ब्राझील आणि अर्जेंटिना. ब्राझील वर्षाला सुमारे १७ कोटी टन सोयाबीन पिकवतो. आपण सव्वा कोटीच्या आसपास. आपले सोयाबीन जनुकबदल न केलेले, म्हणून युरोपातले काही खरेदीदार चार पैसे जास्त देतात, पण तेवढ्यावर अख्ख्या माळव्याचे पोट भरत नाही. लातूर-वाशीमचेही नाही, तिथल्या बाजार समित्यांतले गणित हेच.

आता तेल. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते, वर्षाला दीड कोटी टनांहून जास्त. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचे, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलचे, सूर्यफुलाचे रशिया आणि युक्रेनचे. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर स्वारी केली. दोनच महिन्यांनी इंडोनेशियाने, आपल्याच लोकांना तेल पुरेना म्हणून, पामतेलाची निर्यात साडेतीन आठवडे बंद ठेवली. त्या उन्हाळ्यात ज्यांनी कैरीचे लोणचे घातले त्यांना वेगळे सांगायला नको. ही तेले एकमेकांची जागा घेतात. बिस्किटवाल्याला पाम महाग पडले की तो सोयाकडे वळतो, आणि तुमचा डबा महागतो. म्हणून इंदूरचा प्लांटवाला सकाळी उठल्यावर क्वालालंपूरचा पामतेलाचा वायदा बघतो, ज्याला तो ‘केएलसी’ म्हणतो. मग रात्रीतून शिकागोत काय झाले ते, मग डॉलर, मग दिल्लीने आयात शुल्कात काही हात घातला आहे का ते. एवढे झाल्यावर तो आपला ‘प्लांट भाव’ काढतो आणि छावणीच्या, लक्ष्मीबाई नगरच्या मंडीत त्यावर बोली सुरू होते.

पण शिकागोच का? तो बाजार फार जुना, १८४८ पासूनचा, आणि सगळ्या जगाला दिसणारा. दुसरे कारण आपलेच आहे. सोयाबीनचा वायदा आपल्याकडेही होता. १९९९ मध्ये सोयातेलाच्या वायद्यासाठी नॅशनल बोर्ड ऑफ ट्रेड सुरू झाले ते इंदुरातच, आणि काही वर्षे त्याचा दबदबाही होता. पुढे हा व्यवहार मोठ्या एक्स्चेंजवर गेला आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये, महागाईच्या धास्तीने, सेबीने सोयाबीन, सोयातेल आणि कच्च्या पामतेलाचे वायदे थांबवले. ती बंदी मग मुदतीमागून मुदत वाढत गेली. घरातला थर्मामीटर कपाटात कुलूपबंद केला आणि शेजाऱ्याच्या कपाळाला हात लावून आपला ताप मोजतो, अशी ही तऱ्हा. वायद्यात सट्टा चालतो हे मान्य. पण थर्मामीटर नसला म्हणून ताप येत नाही, असे थोडेच आहे?

आणखी एक गंमत. शिकागो अमेरिकेच्या ज्या इलिनॉय राज्यात आहे, तिथल्याच विद्यापीठाने माळव्यात पिवळे सोयाबीन रुजवायला हात दिला. १९६४ मध्ये जबलपूरचे जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा अमेरिकी सरकारच्या मदत योजनेतून इलिनॉय विद्यापीठाशी त्याचा सहकार्याचा करार होता. त्यापूर्वी माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात पुष्कळ ठिकाणी पडीक असायची. चिखलात पाय रुततो, म्हणून लोक रब्बीच्या गहू-हरभऱ्याची वाट पाहत. त्या रिकाम्या पावसाळ्यात सोयाबीन शिरले आणि दोन-तीन दशकांत मध्य प्रदेश सोयाबीनचे राज्य झाले. खंडवा रोडवर १९८७ मध्ये राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र आले, प्रक्रिया करणाऱ्यांच्या ‘सोपा’ या संघटनेचे ठाणेही इंदूरच. बी तिकडून आले, पाठोपाठ भावही तिकडूनच येऊ लागला.

तुमच्या नातेवाइकांचे काय झाले ते समजायला २०२५ चा सप्टेंबर घ्या. एवढा बोलका महिना शोधून सापडणार नाही. अमेरिकेने चीनवर आयात शुल्क चढवले होते. चीन वर्षाला १० कोटी टनांच्या आसपास सोयाबीन आयात करतो. त्याने अमेरिकी सोयाबीनची नवी खरेदी थांबवली. अमेरिकेच्या शेतकऱ्याचे पीक कापणीला आलेले आणि सगळ्यात मोठे गिऱ्हाईक पाठ फिरवून बसलेले. इकडे अर्जेंटिनाला डॉलरची निकड, ऑक्टोबरात निवडणूक. २२ सप्टेंबरला तिथल्या सरकारने धान्य आणि तेलाच्या निर्यातीवरचा कर तात्पुरता उठवला. सात अब्ज डॉलरची मर्यादा होती, ती तीन दिवसांत भरली. चिनी व्यापाऱ्यांनी सोयाबीन उचलले आणि आपल्या आयातदारांनी सोयातेल. त्याच आठवड्यात अमेरिका अर्जेंटिनाला २० अब्ज डॉलरचा आधार द्यायची बोलणी करत होती. अमेरिकेतल्या आयोवाच्या शेतकऱ्यांनी कपाळाला हात लावला असेल तर नवल नाही. आपल्याकडे कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क मे महिन्याच्या अखेरीस २० वरून १० टक्क्यांवर आलेच होते. आणि नेमक्या त्याच दिवसांत माळव्यातले नवे सोयाबीन ट्रॉल्यांतून मंडीत उतरत होते.

त्या हंगामाचा हमीभाव होता ५,३२८ रुपये क्विंटल, आणि मंडीत त्याच्या खाली बोली. शेवटी राज्य सरकारने २०१७ ची ‘भावांतर’ योजना पुन्हा काढली. शेतकऱ्याने माल मंडीतच विकायचा आणि बाजाराचा ठरवलेला सरासरी भाव व हमीभाव यांतला फरक सरकारने खात्यावर टाकायचा. म्हणजे शिकागोने, बीजिंगने आणि ब्युनॉस आयर्सने मिळून जे खड्डे केले त्यांतला काही भाग भोपाळने भरला. सगळा दोष अर्जेंटिनाच्या पदरात घालू नका. डीओसीचे दुखणे आधीपासूनच होते. तेलाचा टेकू होता, तोही डळमळला.

मग स्वस्त तेल आले तर डबा स्वस्त का नाही? कारण अर्जेंटिनातल्या रोसारिओला भरलेले जहाज कांडल्याला लागायला महिना-दीड महिना जातो. भाव चढायला बातमी पुरते, उतरायला जहाज लागते.

जाता जाता बेसनाचेही सांगतो, कारण शेव काही नुसत्या तेलाची होत नाही. (इंदुरात तिला ‘सेव’ म्हणायचे, ठाऊक आहे, माझी जीभ वळत नाही.) हरभरा कमी पडला तेव्हा, २०२४ च्या मे महिन्यात, सरकारने आयात शुल्क शून्यावर आणले आणि ऑस्ट्रेलियाचा हरभरा येऊ लागला. त्याआधीच, २०२३ च्या डिसेंबरपासून, पिवळा वाटाणा शुल्कमुक्त होता. तो कॅनडा आणि रशियाचा. हरभऱ्याच्या डाळीऐवजी वाटाण्याचे पीठ वापरणारे थोडे नाहीत. तेव्हा कॅनडाशी आपले बिनसले, की त्याचा थोडा वास लौंग सेवेलाही येतो.

प्रश्न : हे सगळे १९९१ नंतरच्या जागतिकीकरणाचे ना? होळकरांच्या वेळी इंदूर आपल्यापुरते सुखात असेल.

उत्तर : होळकरांच्या वेळचे इंदूर तर आजच्यापेक्षाही चीनकडे डोळे लावून बसलेले होते. तेव्हा सोयाबीनच्या जागी अफू होती.

१८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई झाली आणि १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह. होळकरांचे राजकारण इंग्रजांच्या हाती गेले. अफू मात्र सहजी हाती लागेना. बंगाल-बिहारची अफू ही कंपनीची मक्तेदारी होती. माळव्याची पिकायची संस्थानांच्या मुलखात, आणि विकायचे इथले सावकार-व्यापारी. ती उंटांवरून, आडवाटांनी सिंधमधून किंवा गुजरातेतून पोर्तुगीजांच्या दमणला जायची आणि तिथून चीनला. चिनी गिऱ्हाइकाला बंगालच्या अफूला तोड मिळाली, आणि कंपनीच्या लिलावाचे भाव पडू लागले. कंपनीने आधी स्वतःच सगळी अफू विकत घ्यायचा प्रयत्न केला, मग संस्थानिकांशी करार करून नाकेबंदी केली. दोन्ही फसले. शेवटी १८३० च्या सुमारास तिने हार मानली, पण व्यापाऱ्याच्या पद्धतीने: माळव्याची अफू मुंबईवरून न्या, आम्ही अडवत नाही, फक्त दर पेटीमागे परवान्याचे पैसे भरा. १८४३ मध्ये सिंध गिळल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि परवान्याचा दर वाढत गेला. आयात शुल्क, निर्बंध, त्यांना बगल देणारा तिसरा देश, शेवटी तडजोड. २०२५ च्या बातम्यांत आणि यात काय फरक आहे? रशियन तेल आठवा, दमण आठवा.

१८३९ मध्ये चिनी बादशहाचा आयुक्त लिन झेश्यू याने कँटनजवळ परदेशी व्यापाऱ्यांच्या २० हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यांत माळव्याची अफूही होती. त्यातून पहिले अफूयुद्ध पेटले आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. माळव्यातल्या शेतकऱ्याने कँटन हे नाव ऐकले असेल-नसेल, पण त्याच्या चिकाचा भाव तिथे ठरत होता. पुढे १९०७ मध्ये इंग्लंड-चीनचा समझोता झाला आणि १९१३ मध्ये चीनची वाट बंद झाली. आज मंदसोर-नीमचला अफू पिकते ती सरकारी परवान्याने, औषधांसाठी.

कापसाचेही तसेच. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी, दक्षिणेतला कापूस अडकला, मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर आल्या. मुंबईत पैसा ओतला गेला आणि लढाई संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्याच दशकात इंदुरात कापड गिरणी उभारायला घेतली. मग खंडव्याहून रेल्वे आणण्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने. संस्थानिकाने साम्राज्याला कर्ज द्यावे, हे दृश्य मला नेहमी मोठे मौजेचे वाटते. त्या रेल्वेने कापूस आणि अफू बंदरावर नेली, येताना लँकेशायरचे कापड आणले. पुढे सर सेठ हुकुमचंद यांच्यासारख्यांनी गिरण्या काढल्या. तुम्ही विजय नगरात आलात त्याच सुमारास, १९९१ मध्ये, हुकुमचंद मिल बंद पडली. कामगारांच्या देण्याचा निकाल लागून २०२३ च्या डिसेंबरात २२४ कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला, तोवर ३२ वर्षे उलटली होती. कितीतरी कामगार तोवर गेले होते.

तेव्हा भाव दूर ठरतो, ही या गावाची जुनीच रीत. बदलते ते हे, की ठरवणारा कुठल्या नियमाने बांधलेला असतो. १८३९ मध्ये नियम तोफेचा होता. १९४४ च्या जुलैत अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स गावी ४४ देश तीन आठवडे बसले आणि जागतिक बँक व नाणेनिधी यांचे नियम लिहिले गेले. हिंदुस्थान अजून गुलाम होता, तरी त्याचे शिष्टमंडळ होते, आणि त्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. रायगडकडचा हा आयसीएस माणूस. युद्धात इंग्लंडने हिंदुस्थानचा माल उधारीवर नेला होता आणि त्याचे पौंड लंडनमध्ये साचले होते. त्या पौंडांची सोय परिषदेने लावावी, अशी मागणी आपल्या मंडळाने केली. ती फेटाळली गेली. पण नाणेनिधीतला आपला वाटा त्यांनी झगडून ३० कोटी डॉलरवरून ४० कोटींवर नेला, आणि रशिया बाहेर राहिल्यामुळे भारत पहिल्या पाचांत बसला. नियम आपण केलेले नव्हते. तरी ते कागदावर होते, त्यामुळे भांडता येत होते.

आज तो कागद विरत चालला आहे. जागतिक व्यापार संघटनेचे अपील ऐकणारे मंडळ २०१९ च्या डिसेंबरपासून बंद आहे, कारण नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्या. खालच्या कोर्टात जिंका, वर अपील करून ठेवा, वर न्यायाधीशच नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावर आधी २५ आणि मग रशियन तेलाच्या निमित्ताने आणखी २५ टक्के शुल्क लागले. आपण दाद मागणार कुणाकडे? मला यात जुने अधिराज्य परत येताना दिसत नाही, चीन आणि ब्राझील आता गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. दिसते ते एवढेच, की १९४४ पूर्वीचा घासाघिशीचा बाजार परत आला आहे, आणि त्यात ज्याच्या गाठीशी माल, त्याचा आवाज.

प्रश्न : २०२३ मध्ये आमच्या भागातल्या ब्रिलियंट कन्व्हेन्शन सेंटरमध्ये परदेशी पाहुण्यांची रीघ लागली. भिंती रंगल्या, दुभाजकांवर फुले आली. त्यातून निघाले काय?

उत्तर : फुले तरी बरी निघाली असतील. जानेवारीत प्रवासी भारतीय दिवस, फेब्रुवारीत शहरात जी-२० ची शेतीविषयक बैठक, जुलैत श्रममंत्र्यांची; एवढे जग विजय नगराने एका वर्षात कधी पाहिले नव्हते.

मला त्यांतला एक पाहुणा लक्षात राहिला. प्रवासी भारतीय दिवसाचे प्रमुख पाहुणे होते गयानाचे राष्ट्राध्यक्ष इरफान अली. दक्षिण अमेरिकेच्या कडेवरचा हा छोटा देश. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८३८ मध्ये हिंदुस्थानी करारबद्ध मजुरांची पहिली जहाजे तिकडे गेली. अफूच्या पेट्या पूर्वेकडे जात होत्या त्याच वर्षांत माणसे पश्चिमेकडे जात होती. २०१५ मध्ये गयानाच्या समुद्रात तेल सापडले. आणि अली इंदुरात येऊन गेले त्याच वर्षी, डिसेंबरात, शेजारच्या व्हेनेझुएलाने सार्वमत घेऊन गयानाच्या एसेक्विबो प्रांतावर हक्क सांगितला. तो गयानाचा जवळजवळ दोनतृतीयांश भूभाग आहे. प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालू असताना सार्वमत! एखादा देश जगाच्या बैठकांना एवढ्या हौसेने का जातो, ते यावरून कळावे. त्याला साक्षीदार हवे असतात.

प्रश्न : सराफ्यात सोने लाखाच्या वर. हेही ट्रम्पमुळेच का?

उत्तर : थोडेसे. २०२५ च्या एप्रिलमध्ये तोळा लाखापार गेला, तेव्हा शुल्कयुद्धाची भीती होतीच. पण मुळे २०२२ मध्ये आहेत. युक्रेनवरच्या स्वारीनंतर रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली. तेव्हा बाकीच्या देशांच्या मध्यवर्ती बँकांच्या ध्यानात आले, की दुसऱ्याच्या वहीत लिहिलेला पैसा एका सहीने अडतो, आपल्या तिजोरीतले सोने अडत नाही. २०२२ पासून तीन वर्षे या बँकांनी दरसाल हजार टनांहून अधिक सोने घेतले. आपल्या रिझर्व्ह बँकेने २०२३-२४ मध्ये इंग्लंडमध्ये ठेवलेले सुमारे १०० टन सोने घरी आणले. १९९१ मध्ये ४७ टन तारण म्हणून बाहेर गेले होते, तेव्हा देशाची मान खाली गेली होती; हा उलटा प्रवास फारसा कुणी पाहिला नाही. तुमच्या सराफ्यात संध्याकाळी सराफांची दुकाने बंद होतात आणि त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस आणि गराडू येतात. लाखाच्या सोन्याने जीव दडपला तर रात्री दहानंतर जा.

प्रश्न : सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज तिसरे महायुद्ध सुरू होते. विश्वास कशावर ठेवायचा?

उत्तर : या प्रश्नाचे एक उत्तर इंदुरातच होते, पण ते जुने झाले. १९४७ मध्ये इथे ‘नई दुनिया’ हे हिंदी दैनिक निघाले. त्याचे संपादक राहुल बारपुते, मराठी घरातले, कुमार गंधर्वांचे स्नेही. १९५५ मध्ये वीस वर्षांचा एक तरुण त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, मला परराष्ट्र राजकारणावर लिहायचे आहे. तो राजेंद्र माथुर. धार जिल्ह्यातल्या बदनावरचा हा मुलगा पुढे वर्षानुवर्षे इंदुरात बसून जग समजावून सांगत राहिला आणि हिंदीतला मोठा संपादक झाला. बारपुत्यांनी त्याला जागा दिली, हे मला त्याच्या लेखनाइतकेच मोलाचे वाटते. इंदूरच्या वाचकाला सुएझशी काय देणेघेणे, असे त्यांनी विचारले नाही.

आज त्या जागा आक्रसल्या आहेत. बीबीसी हिंदीचे लघुलहरींवरचे प्रसारण २०२० च्या जानेवारीअखेर थांबले. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकी सरकारने स्वतःच्याच व्हॉइस ऑफ अमेरिकाचा गळा आवळला. बातमी गोळा करायला पैसा लागतो आणि ओरडायला लागत नाही, म्हणून ओरडणारे वाढले. २०२५ च्या मे महिन्यातली ती रात्र तुमच्याही ग्रुपवर गाजली असेल: काही वाहिन्यांनी नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचे सांगून टाकले. सकाळी बंदर जागच्या जागी होते.

अफूच्या दिवसांत चीनचा भाव आधी ज्याला कळे तो कमवायचा. त्यामुळे व्यापारी बातमीसाठी पैसे मोजत आणि ती तपासूनही घेत. चुकीच्या बातमीने घर बुडे. ग्रुपवर पुढे ढकलणाऱ्याचे काही बुडत नाही. तेव्हा तुमच्या किराणावाल्याची पद्धत वापरा. कुणी काही म्हणाले, ते छापील आदेशात आले आणि ते लागू झाले, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. "खाद्यतेलावर शुल्क वाढणार" या एका वाक्यावर तो डबे भरून ठेवत नाही. अधिसूचना निघाली का, आणि कुठल्या तारखेपासून, हे विचारतो. आकडा आला की तो टनाचा की क्विंटलचा हे पाहतो. युद्धाच्या व्हिडिओवर तारीख आणि गाव नसेल तर तो व्हिडिओ कुठल्याही युद्धाचा असू शकतो, संगणकावरच्या खेळाचासुद्धा. आणि ज्या बातमीने तुम्हाला ताबडतोब आनंद होतो, ती दोनदा वाचा. रागाने लोक निदान वाद घालतात; आनंदाने तर तपासणेच सोडून देतात.

ता. क. म्हणून आलेला प्रश्न : मग पुढच्या दिवाळीसाठी डबा आताच घेऊन ठेवू का?

उत्तर : भाव सांगायचा नसतो हे मी सराफ्यात आणि मंडीत, दोन्हीकडे शिकलो आहे. पण तेल खवट कधी होते ते सांगू शकतो. उघडलेला डबा दोन-तीन महिन्यांवर ठेवू नका. इंदूरच्या मे महिन्यात त्याहून कमी. दहा टक्के वाचवायला जाल आणि शेवेला वास येईल. लागेल तेवढे घ्या, आणि तुमच्या नातेवाइकांना विचारा, भावांतरचे पैसे खात्यावर जमा झाले का.